मी आधी उचललेला वाटा

आमच्याकडे वाटणीत मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. तलासरीहून आत, घरासमोरच्या टेकडीची वाटणीही अशीच झाली. दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, चुन्याची रेघ मारली आणि म्हणाला, "उचल तुला हवा तो." मी उंच वाटा उचलला. रस्त्याकडचा बुटका त्याला राहिला, आणि मला आतल्या आत गुदगुल्या झाल्या.

पुढे अच्छाडकडचा एक शेठ खडीसाठी टेकडी मागायला आला. दादाने आपला वाटा एकरकमी विकला. मी मात्र शेठशी वेगळी बोली केली: आज काही नको, माझ्या वाट्यातला दगड निघेल तसे ब्रासमागे पैसे द्यायचे. टेकडी उंच, म्हणजे दगड जास्त, म्हणजे पैसे जास्त! दादाला मी बायकोसमोर वेड्यात काढलं.

खाण रस्त्याच्या बाजूने सुरू झाली. डंपर तिकडूनच जाणार ना! एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. दादाचा दगड संपेपर्यंत माझ्या वाट्याला कोणी हात लावणार नव्हतं.

दादाने माझ्या शेजारीच स्लॅबचं घर बांधलं, मागच्या चिकूवाडीत ठिबक घातलं आणि गच्चीवर स्टँडचा झोपाळा आणून ठेवला. झोपाळ्याचं तोंड माझ्या टेकडीकडे. रोज संध्याकाळी कपबशी घेऊन तो तिच्याकडे बघत बसायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. स्वतःची विकून खाल्ली, आता माझी फुकटात बघतो! सुरुंग त्याच्या वाट्यात उडायचे आणि भेगा माझ्या भिंतींना पडायच्या.

शेठला गाठलं की तो हसायचा. "काका, धीरज राखा ने. तुमचा नंबर येईलच."

"तुम्हाला पैसे हवेत, की भावजींचा झोपाळा?" बायकोने एकदा विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

यंदा पाऊस सरल्यावर शेठच्या माणसांनी माझ्या वाट्यावर लाल झेंडे रोवले. मी पेढे आणले आणि दादाकडे मुद्दाम स्वतः घेऊन गेलो. त्याने पेढा नुसता हातात धरला.

"माझी विकली तेव्हा मनाला म्हटलं, उंच बाजू तुझ्याकडं आहे. ती तरी राहील."

मोठेपणा मिरवायची हीच वेळ सापडली त्याला! रागारागात घरी आलो आणि राहिलेले पेढे मीच खाल्ले.

पहिला सुरुंग उडाला तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. शेंड्यावरचा पळस मुळासकट खाली आला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तेच घडत होतं, पण मला तिकडे बघवेना. तेवढ्यात गच्चीवरून लोखंड फरफटल्याचा आवाज आला. दादा झोपाळा ओढून उलटा फिरवत होता. चिकूवाडीकडे तोंड करून तो बसला. मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

त्याच्या पैशांचा, घराचा केला नसेल एवढा हेवा मी तेव्हा त्याचा केला. माझ्या घराला ओटा एकच आहे, आणि तो टेकडीकडे उघडतो.