चाकांचा पाट

लग्न होऊन मी मुलुंडला आले, त्याच वर्षी सासूबाईंनी शिवणाचा वर्ग काढायचं ठरवलं. सासरे गेल्यावर त्यांनी लोकांची झंपरं-परकर शिवून मुलाला शिकवलं होतं. आता मुलगा कचेरीत लागला होता, घरात सून आली होती. त्यांनी स्वस्थ बसावं असं सगळ्यांना वाटे. त्यांना मात्र तसं वाटत नव्हतं. "मला येतं ते आणखी चारजणींना येऊ दे," एवढंच त्या म्हणाल्या.

अडचण जागेची होती. खोलीत वर्ग भरवायला घरमालकाने साफ नकार दिला. रस्त्यापलीकडे, जुन्या गावठाणात, एक ख्रिस्ती मावशी राहत. त्यांची पडवी ऐसपैस, उजेडाची. "दुपारची रिकामीच असते गो, ये खुशाल," त्या म्हणाल्या. पण पडवी उघडी. म्हणजे मशीन दुपारी न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. पायाने चालवायचं मशीन ते, खाली बिडाचा जड स्टँड. त्याला इवलीशी चाकं होती, पण ती घरातल्या फरशीपुरती. रस्त्यावरच्या मुरमात रुतून बसत. एका रविवारी आमच्या ह्यांनी ते उचलून पाहिलं आणि कमरेत अशी उसण भरली की तीन दिवस कचेरी बुडाली.

"चाकांचा पाट हवा आपल्याला," सासूबाई म्हणाल्या. "चल, बघून येऊ."

मी निघाले खरी, पण भर रस्त्यातून सासू-सुना गाडा ढकलताहेत, या कल्पनेनेच मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

स्टेशनापलीकडे एकजण जुनं लोखंडी सामान विकायचा. त्याने आधी एक ठेंगणी गाडी काढली. फळीखाली चार लहान लोखंडी चाकं. दुकानातल्या फरशीवर ती नुसत्या बोटाने पळत होती. मला वाटलं, झालं काम.

"हिच्यावर ती कोपऱ्यातली ऐरण ठेवा," सासूबाई म्हणाल्या, "आणि बाहेर रस्त्यावर ढकला."

तो हसला, पण त्याने ठेवली. चार हात गेल्यावर गाडी मुरमात जी रुतली, ती दोघांनी ओढूनही हलेना. मग त्याने दुसरी दाखवली. कुठल्याशा कारखान्यातली असावी. मोठी, रबर चढवलेली चाकं. खड्ड्यातूनही सरळ गेली. पण तिची फळी माझ्या गुडघ्याला लागत होती.

"एवढ्या उंच मशीन चढवणार कोण?" मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"दोन हमाल लावा की," दुकानदार म्हणाला.

"रोज दोनदा?" सासूबाई चाकांपाशी उकिडव्या बसल्या. चाकांमधली जागा वितीने मोजली. मग म्हणाल्या, "फळी चाकांच्या वर कशाला? चाकांच्या मधे, खाली लोंबती बसवा. जमिनीपासून चार बोटं."

"असं कुणी करत नाही हो."

"गाडी आम्ही दोघी ढकलणार आहोत. आम्हाला झेपेल अशी करा."

त्याने डोकं खाजवलं. मग पेन्सिल घेऊन फळीवरच रेघा ओढू लागला. मीही बोलले, "मशीन फळीवरून घरंगळेल. कडेला पट्ट्या ठोका." सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "हे माझ्या ध्यानातच नव्हतं आलं गं," त्या म्हणाल्या. त्या घरात माझं काही चाललं, असं त्या दिवशी मला प्रथमच वाटलं.

आठवड्याने पाट तयार झाला. मशीनचे आधी दोन पाय उचलून ठेवायचे, मग दोन. हे कचेरीला गेल्यावर आम्ही दोघींनी कुणाच्या मदतीवाचून ते चढवलं. पदर खोचून रस्त्यावर आलो. मधल्या गटारापाशी चाक अडलं. माझे कान तापले; समोरच्या ओट्यावर तिघीचौघी बघत उभ्या होत्या. मावशी घरातून एक जाड फळी घेऊन धावत आल्या, गटारावर टाकली, आणि ओट्यावरची एकजण खाली उतरून मागून ढकलू लागली. पडवीत पोचल्यावर धापा टाकत तिने विचारलं, "मशीन इथे कशाला आणलंत?"

"शिवण शिकवायला."

"मला येईल?"

"मशीन ढकलता आलं ना? मग सुईदोऱ्याचं काय अवघड आहे!" सासूबाई म्हणाल्या.

ती आमची पहिली विद्यार्थिनी. दिवाळीपर्यंत सातजणी झाल्या. सासूबाई कापायला शिकवत, मी मापं लिहायला. काहीजणींना अक्षरओळखच नव्हती, म्हणून शिवण सुरू होण्याआधी अर्धा तास मी पाटी घेऊन बसू लागले. त्या पहिल्या बाईने स्वतःच्या हाताने शिवलेलं झंपर घालून दाखवलं, त्या दिवशी एक बाही जरा तिरकी होती. सासूबाईंनी चष्मा वर करून ती निरखली, उसवायला सांगितलं नाही.

"पुढच्या वेळी सरळ येईल," त्या म्हणाल्या, आणि तिच्या हातात नवं कापड दिलं.