पांढऱ्यावर फोकस

उत्तरेश्वर ओव्हाळांना कुणी "जुन्या वळणाचा माणूस" म्हटलं की माझं डोकं फिरतं. कसलं जुनं वळण? नव्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका आमच्या स्टुडिओत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा तो एकटा माणूस होता. ज्यांनी कॅमेरा आणला त्यांनी तिचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलं नव्हतं.

स्टुडिओ टिळक रोडला, आप्पासाहेबांचा. मी तिथे प्रिंट निवडून अल्बम लावायचे. रोज चारपाचशे फोटो डोळ्यांखालून गेले की कुणाचा हात कसा आहे ते कळतं. ओव्हाळकाकांचे फोटो मी मुद्दाम शेवटी ठेवायचे, चारच्या चहाबरोबर बघायला.

काका मूळचे उस्मानाबादकडचे. गावदेवाचं नाव लाभलेलं. ते सात वर्षांचे असताना, छप्पन साली, वडिलांनी धम्म स्वीकारला आणि घरातले देव गेले. नाव मात्र शाळेच्या दाखल्यावर राहिलं ते राहिलंच. पुण्यात आले ते डार्करूममध्ये ट्रे धुवायला. धुता धुता शिकले, आणि पुढे स्वतःचा कॅमेरा घेतला. लेन्सचं कडं डाव्या हाताच्या दोन बोटांनी फिरवायचं. आत पाहिलं की मधल्या छोट्या गोलात माणूस दोन तुकड्यांत दिसायचा. तुकडे जुळले की फोकस बसला. काका मला सांगायचे, "श्रद्धा, पापणी जुळवायची. मग बाकीचं चुकत नाही."

अठ्ठ्याण्णव साली आप्पासाहेबांचा मुलगा अनिरुद्ध धंद्यात आला. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला वाटायचं, आपण कोर्स केला म्हणजे आधीचं सगळं रद्द झालं. त्यानं ऑटोफोकसचे तीन कॅमेरे आणले. बटण अर्धं दाबलं की लेन्स आपोआप फिरणार. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसेनात, कंपनीनं जोडणीच बदललेली. मग स्टुडिओच्या जुन्या लेन्स एक्स्चेंजमध्ये गेल्या आणि भिंतीवर नोटीस लागली. एक तारखेपासून स्टुडिओच्या कामावर स्वतःचा जुना कॅमेरा आणायचा नाही. ज्याला नवा जमत नसेल त्याला पासपोर्ट फोटोच्या खोलीत बसवण्यात येईल.

नोटिशीत नाव नव्हतं, पण जुना कॅमेरा वापरणारा एकच माणूस होता. लग्नं गेली की काकांच्या हातात काय उरणार होतं? स्टूल, निळा पडदा आणि "हनुवटी जरा वर."

खरं ते सांगते, नवे कॅमेरे वाईट नव्हते. पळणारी पोरं, नाचणारे मित्र, दारातून आत येणारी गर्दी यांत अनिरुद्धचे फोटो काकांपेक्षा सरस निघायचे. काकांना चाळिशी लागली होती, छत्तीस फोटोंच्या रोलमधले तीनचार धूसर निघायचे. त्यांना ते माहीत होतं. नवा कॅमेरा महिनाभर वापरून ते आप्पासाहेबांना म्हणाले होते, "धावपळीला हा घ्या. स्टेजवर मला माझा राहू द्या. याचं कडं हातानं फिरवायला गेलो तर ढिल्या नळासारखं फिरतं, आणि याला सपाट रंग दिसला की हा गोंधळतो." पुस्तिकेतही तसंच छापलं होतं. त्यांनी पान उघडून दाखवलं. अनिरुद्ध हसला आणि म्हणाला, "काका, आता सगळं सिस्टिमनं होणार."

मग मैत्री नावाच्या मुलीचं लग्न आलं. वारज्याचा हॉल. ती कॉम्प्युटर इंजिनिअर, वडील सरकारी अधिकारी. त्यांनी फोनवर काकांचं नाव घेऊन मागणी केली होती. तरी स्टेजवर अनिरुद्ध स्वतः उभा राहिला आणि काकांना पाहुण्यांच्या रांगेचे फोटो काढायला लावलं. रोल भरायला माणूस कमी होता म्हणून मीही गेले होते. काकांच्या खांद्यावर त्यांची जुनी कापडी पिशवी होती. त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं.

मेणबत्त्या लागल्या. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या झब्ब्यात, मागे पांढरा पडदा, हातात पांढऱ्या शेवंतीचे हार. मैत्रीनं हार उचलला आणि अनिरुद्धची लेन्स घरघरायला लागली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. फोकस बसेना आणि फोकस बसल्याशिवाय त्याचं बटण चालेना. त्या शांततेत ती घरघर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होती.

"एक मिनिट थांबा हं," अनिरुद्ध म्हणाला. "पांढऱ्यावर फोकस होत नाहीये. कुणाची तरी रंगीत शाल घ्या ना वहिनी खांद्यावर. फोटोपुरतीच."

कुणीतरी घाईघाईनं मरून शाल पुढे केली. मैत्री हार धरून तशीच उभी राहिली. तिच्या आईचं तोंड उतरलं. मला फार लाज वाटली. ज्या पांढऱ्या कपड्यांत त्यांच्या दोन पिढ्यांची लग्नं लागली, ते यानं फोटोपुरते झाकायला सांगितले होते, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलंही नव्हतं.

तेवढ्यात काका रांगेतून पुढे आले. आवाज चढवला नाही.

"शाल नको. ती पांढऱ्यातच राहील. कॅमेरा बदला."

"ओव्हाळ, नोटीस वाचलीत ना?" अनिरुद्ध दबक्या आवाजात म्हणाला.

"नोटीस वाचली, पुस्तिकाही वाचली. जरा बाजूला व्हा."

पिशवीतून कॅमेरा निघाला. डाव्या हाताची दोन बोटं कड्यावर गेली, अर्धा इंच फिरली. "हं, घाल बाळा हार," काका मैत्रीला म्हणाले. तिनं घातला. एकच क्लिक झालं, मग नवऱ्याच्या हाराला दुसरं.

सोमवारी तो फोटो माझ्या टेबलावर आला. पांढऱ्यावर पांढरं, तरी साडीची प्रत्येक चुणी वेगळी, आणि मैत्रीच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. त्याच सकाळी आप्पासाहेबांनी काकांना बोलावलं. गिऱ्हाइकासमोर मालकाच्या मुलाला बाजूला व्हायला सांगितलं म्हणून आजपासून पासपोर्टची खोली.

"खोली नको," काका म्हणाले. "मी निघतो."

"अहो ओव्हाळ, बाहेर तुम्हाला कोण बोलावणार? तुमच्या त्या लोकांची लग्नं?"

"हो. आमच्याच लोकांची. पांढऱ्यातली. तुमच्या सिस्टिमला ती दिसत नाहीत, मला दिसतात."

पिशवी खांद्याला लावून ते गेले. आप्पासाहेबांनी फॅन वाढवला. मला तेव्हा संताप आला, अजूनही येतो.

चार दिवसांनी प्रिंट पाहून वारज्याहून निरोप आला. हार घालतानाच्या त्या फोटोच्या चाळीस प्रती हव्यात, नातेवाइकांत वाटायला. प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का मारायचं काम माझं. मी शिक्का खणात टाकला आणि पेन घेतलं. चाळीसही पाठींवर लिहिलं, 'फोटो : उत्तरेश्वर ओव्हाळ', आणि खाली त्यांच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीचा फोन नंबर. काकांचे फोन तिथेच यायचे.

महिन्याभरात एक गृहस्थ मैत्रीच्या वडिलांकडून पत्ता घेऊन, तो फोटो घेऊन थेट स्टुडिओत आले. गिरणीचा फोन सारखा एंगेज लागतो, ओव्हाळ कुठे भेटतील? आप्पासाहेबांनी फोटो उलटून पाहिला आणि मला हाक मारली. अनिरुद्ध शेजारीच उभा होता.

"श्रद्धा, यावर स्टुडिओचा शिक्का कुठे आहे?"

मी अनिरुद्धकडे बघत म्हणाले, "साहेब, पांढऱ्यावर उठत नव्हता. आणि रंगीत शाल काही मिळाली नाही."