अंधाऱ्या खोलीतली मोहरी

मुलांनो, आमच्या कॉलेजात त्यांना सगळे काळोखेबाई म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. खिडक्यांना काळा कागद लावलेल्या वनस्पतिशास्त्राच्या एका खोलीत त्या दिवसदिवस काम करायच्या. मी शेजारच्या इमारतीत इंग्रजी शिकवायचे. डबा खायला बोलवायला गेले, की दाराआडून आवाज यायचा, "मोबाइल बाहेर ठेव वं. तुले काय उजेड पाडायचा तो वर्गात पाड."

आत रोपांना जवळजवळ न जाणवणारा हिरवा मिणमिणता दिवा आणि बशांमध्ये मोहरीची रोपं. मुलांनो, अंधारात रुजलेलं रोप लांबच लांब, फिकं, मान वाकवून वाढतं. थोडा उजेड मिळाला, की वाढ आवरतं, मान सरळ करतं, पानं उघडतं. तणनाशकानं यात काय बिघडतं, एवढंच बाईंना शोधायचं होतं. एका औषधानं त्यांची रोपं उजेडातही पांढरीफटक राहत, पण मान सरळ करत. "रंग गेला, पण उजेड कळून राहिला त्याले," त्या म्हणायच्या. असं बोलताना त्यांचा आवाज पाळण्याजवळ बोलावं तसा हळू व्हायचा.

त्यांच्या पीएचडीसाठी रोपांची शेवटची खेप अंधारात वाढत होती. मार्गदर्शक म्हणजे विभागप्रमुखच, आणि तेही निवृत्तीला आलेले. बाई वर्गावर असताना ते पाहुण्यांना घेऊन आले, आपल्या किल्लीनं खोली उघडली आणि ट्यूबलाइट लावली. दुसऱ्या सकाळी सगळी मोहरी माना सरळ करून उभी होती. खेप वाया गेली. बाई विचारायला गेल्या, तर सर म्हणाले, "पाहुणे काय अंधार बघायला आले होते?" पुढे पीएचडीच्या समितीपुढे त्यांनी बाईंचाच निष्काळजीपणा सांगितला आणि निवृत्त झाले. तो विषय दुसऱ्या कुणा मार्गदर्शकानं घेतला नाही.

मी म्हटलं, भांडा. बाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "कोणासंग भांडू? साक्षीले फक्त मोहरी आहे माह्या."

पदवी राहिलीच. खोलीत मोडके बाक गेले. मनीषनगरच्या त्यांच्या सोसायटीत फरशीच्या फटींवर तणनाशक मारलं, की पांढरं गवत उगवे. त्यापाशी बाई उकिडव्या बसून राहत. शेजारी हसत.

यंदा त्या गेल्या. शोकसभेला सर आले. "माझी गुणी विद्यार्थिनी," म्हणत बराच वेळ बोलले. मग फोटोकडे वळून म्हणाले, इथे फार अंधार आहे. आणि कुणालाही न विचारता त्यांनी दिव्याचं बटण दाबलं.