शेवटच्या रेषेवरचा पंच

चूक माझीच होती. परवा साताऱ्याच्या स्टँडवर मिरचीच्या भज्यांचा वास आला आणि वीस वर्षांमागची आष्ट्याची जत्रा आठवली.

घोड्यांच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर मी पंच होतो. कोणता घोडा आधी येतो ते बघायचं, नजर हलवायची नाही, एवढंच माझं काम. धुरळ्यातून घोडे येत होते आणि नेमका तेव्हाच पाठीमागं भज्यांचा घाणा चर्रकन कढईत पडला. मी वळलो. पुन्हा बघतो तर घोडे रेषेपलीकडे, पांढरा पुढं. मी त्यालाच पहिला पुकारला.

"नीट बघितलंस न्हवं? माजी राणी पुढं हुती रं," तांबड्या घोडीचे मालक मारुतीतात्या म्हणाले.

"आवं तात्या, पंचाचा डोळा हाय ह्यो!"

तेव्हा तो रुबाब वाटला होता. आता आठवलं की कान तापतात.

स्टँडवरूनच आष्ट्याची एसटी धरली. तात्यांना सगळं सांगितलं, तर ते पोट धरून हसले. "भज्यापायी व्हय? मला काय सांगतुयास, गड्या? राणी हाय अजून गोठ्यात. तिला सांग."

म्हाताऱ्या राणीपुढं तळहातावर गूळ धरला. "राणी, म्या बघितलंच न्हवतं गं. चुकलो, माफ कर."