उसवलेले अननस

आईचं शेवटचं विणकाम मी एका ओढीत उसवलं. कोणी धक्का दिला नव्हता, कसली घाई नव्हती, चहा पिऊन चांगला ताजातवाना होतो. लोंबता दोरा दिसला आणि ओढला.

त्याच्या दोनच दिवस आधी चाकूर सोडलं होतं. आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. हैदराबादला विमानतळावर नेणारी गाडी दारात उभी, डिकीत माझी बॅग, आणि रेणापूरला दिलेली माझी मोठी बहीण, अक्का, ओट्यावर बसलेली. मांडीवर आईचा रुमाल. रुमाल म्हणायचं, पण होता टेबलाएवढा: पांढऱ्या दोऱ्याची क्रोशाची गोल जाळी, कडेनं बारा अननस. सगळे अर्धे. आईनं जिथं थांबवलं होतं तिथं सुई तशीच अडकलेली.

"हे मी पुरं करते," अक्का म्हणाली. "पोरीच्या रुखवतात मांडते. आजीच्या हातचं म्हणून."

मी म्हणालो, "मला दे. तुझ्या हातात आईचं विणकाम तरी हाय. माझ्यापाशी काय हाय?"

वाक्य असं जमलं की माझं मलाच भरून आलं. अक्कानं घडी घालून दिली. एवढंच म्हणाली, "सुई काढू नको. समदं एका फासावर हाय."

उदगीर यायच्या आत मी सुई काढली. विमानतळावर जप्त करतील ही भीती. सुई मोठ्या बॅगेत, रुमाल हातातल्या पिशवीत. असली सुई बहुतेक ठिकाणी चालते, हे नंतर वाचलं. वाचन माझं नेहमी नंतरच असतं.

ब्रिस्बेनला पोचल्यावर किचनच्या टेबलावर रुमाल उलगडला, तर कडेला वीतभर दोरा सुटून लोंबत होता. आता इथं माझ्या हाताची गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या घरी पेरणीच्या आधी खताची पोती यायची. पोत्याच्या शिवणीचं नेमकं टोक सापडलं की ती एका ओढीत सर्रकन सुटते. त्या कामाचा मानकरी मी. भावकीतली माणसंसुद्धा मला बोलावून न्यायची. इतकी वर्षं मी इथं कॉम्प्युटरवर बोटं चालवतोय, पण हात अजून पोत्याचाच. टोक दिसलं, ओढलं. क्षणभर मजासुद्धा वाटली, हे लिहायला लाज वाटते. थांबलो तेव्हा सहा घेर गेले होते. बारा अननसांची नुसती बुडं उरली होती.

किनवटला वसतिगृहात शिकायला होती तेव्हा तिथल्या बाईंनी आईला ही नक्षी शिकवली. खाली खांबांचा, म्हणजे उभ्या टाक्यांचा, पंखा, त्यावर साखळीच्या कमानी, आणि दर घेराला एक कमान कमी, शेवटी टोकाला एकच उरेपर्यंत. टीव्हीवर, फ्रिजवर, पाण्याच्या माठावर, आमच्या घरात सगळीकडं अननस. खाल्ला मात्र तिनं एकदाच, डब्यातला. ब्रिस्बेनच्या बाहेर अननसाची शेतं आहेत. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं तिथून व्हिडिओ कॉल लावला. आई बराच वेळ बघत राहिली.

"मला वाटलं आंब्यावानी झाडाला लटकत असतंय," ती म्हणाली. "हे तर घायपात हाय की रे! म्हंजे इतकी वर्षं मी बांधावरचं घायपात विणून राहिले म्हण की."

लई हसली. तू कधी येतो, हे त्या दिवशी तिनं विचारलं नाही. मलाही बरं वाटलं. आता वाटतं, विचारायला पाहिजे होतं तिनं.

झालेलं अक्काला सांगायची हिंमत चार महिने झाली नाही. त्याऐवजी मी क्रोशा शिकलो. ऑफिसातून आलो की व्हिडिओ लावून बसायचो. माझा पहिला अननस भोपळ्यासारखा झाला, दुसरा वांग्यासारखा, तिसरा कशासारखाच नाही. आईच्या दोऱ्याला मात्र मी हात लावला नाही. उसवलेला दोरा आपोआप सरळ होत नाही, बारीक बारीक वळ्या राहतात त्याला. एक वळी म्हणजे एकदा आईचं बोट वळलेलं. तो तसाच एका वाडग्यात ठेवला आणि येता-जाता बघत राहिलो.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही घर सोबत नेलं. माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हालाही तसंच वाटत असेल. मी काय आणलं ते सांगितलं. माझ्यासाठी घर आता तेवढंच आहे, वाडगाभर दोरा, आणि तो पुन्हा विणू शकणारी एकच बाई, जिच्यापासून मी तोंड लपवत होतो.

भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा अक्काला व्हिडिओ कॉल लावावाच लागला. सगळं सांगून टाकलं. अक्का म्हणाली, "जवळ धर." मी कॅमेरा उरलेल्या जाळीवर फिरवला. तिनं बारा बुडं मोजली.

"हितं दोन खांब चुकलेत," ती म्हणाली. "दिसत नव्हतं तिला. मला म्हणायची, डोळे चांगले हायेत." पदरानं नाक पुसलं. "दोरा टाकला न्हाईस ना?"

"न्हाई. तसाच हाय."

"भिजवून, ताण देऊन वाळवला की वळ्या जातेत. मग विणते त्याच दोऱ्यानं."

वळ्या जातील, हे मला माहीत होतं. वाडग्याकडं बघितलं. देतो म्हणून सांगायला जीभ उचलेना, पण सांगितलं.

"मीच घेऊन येतो लग्नाला," मी म्हणालो. "चार दिवस आधी."

"तू ये न्हाईतर नको येऊ," अक्का म्हणाली. "ते पार्सलनं पाठव. तुझ्यासंगं आलं तर उरलेलं बी उसवून येईल."