दिराची राणी

माझी गोजामावशी कुरुळीला दिलेली. शिक्षण नाही, दागिने नाहीत, पण नाव घ्यायला उभी राहिली की तिचा हात धरणारी पंचक्रोशीत कुणी नव्हती. निघोजेला लग्न असो नाहीतर मोईला डोहाळजेवण, बायका म्हणणार, "आधी गोजाबाई, मग बाकीच्या!" त्या 'आधी'वर मावशी जगायची. खरंच सांगते, जेवणावर नाही, त्या 'आधी'वर.

आणि तिची धाकटी जाऊ शालनबाई! नवरा ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला आणि बाईनं नऊवारी सोडून गोल पातळ धरलं. मावशीला ते पातळ बघवायचं नाही, आणि पातळाकडे बघत बसणाऱ्या बायका तर त्याहून बघवायच्या नाहीत.

त्या वर्षी दिवाळीनंतर भजनी मंडळाच्या बायकांनी पुणं बघायचं ठरवलं. राजवाडे बघायचे, बाजार करायचा आणि अंधाराच्या आत घरी. मी पुण्याला कॉलेजात जात होते म्हणून वाट दाखवायला मला घेतलं. नाशिक फाट्यावर मी बायकांच्या भाड्याच्या ट्रकमध्ये चढले तर मावशी कोपऱ्यात बसून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती.

"काय गं मावशी, जप करतेस?"

"गप. नाव जुळवलंय. शनवारवाड्यात घेनार हाय." मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "दिल्ली दरवाज्याला खिळे, आत कारंज्याचं पाणी, दत्तोबांचं नाव घेते, मी त्यांच्या संसाराची राणी. कसं हाय?"

"झकास!" मी ओरडलेच. शालनबाई शेजारीच बसली होती, डोळे मिटून. मला वाटलं झोपली.

शनिवारवाड्याच्या दारावरचे ते खिळे बघून बायका गारच झाल्या. आत मात्र नुसती जोती आणि गवत. "राजा बसायचा कुटं?" म्हणून सगळ्या मलाच विचारायला लागल्या. हजारी कारंज्यापाशी सावलीला टेकलो तशी मंडळाची म्होरकी कुसुमताई म्हणाली, "राजाच्या घरी आलोय, नावं घ्या गं! गोजाबाई, तू शेवटाला. तुजं झाल्यावर कुनाचं ऐकू वाटत न्हाई. आज आधी शालन."

शालनबाई उठली, पातळ सारखं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दिल्ली दरवाज्याला खिळे, आत कारंज्याचं पाणी, ज्योतीरामांचं नाव घेते, मी त्यांच्या संसाराची राणी!"

काय टाळ्या! कारंजं कोरडं ठणठणीत, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही. "गोजाबाई, तुला जोडीदारीन आली बघ!" मंडळातली आक्काबाई म्हणाली.

मावशीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ती ताडकन उठली. "माजं हाय ते! रातध्याडी मी जुळवलं आन् ही..."

"नावाला काय मालकी असती व्हय, जाऊबाई?" शालनबाई गोड हसून म्हणाली.

"ऐका मग कसं घ्यायचं ते!" मावशी पुढं सरसावली. "दिल्ली दरवाज्याला खिळे, आत कारंज्याचं पाणी, ज्योतीरामांचं नाव घेते, मी..."

ती थांबली. सगळ्याच थांबल्या. आणि मग जो हशा पिकला, वाडा बघायला आलेले बाकीचे लोक वळून बघायला लागले. "अगं बया, दिराचं नाव घेतलं!" "दिराची राणी गं दिराची राणी!" कुसुमताईला तर उचकीच लागली.

मावशी पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "पोरी, ह्या आता गावात जाऊन सांगनार. मरेस्तोवर ह्येच नाव पडंल मला. लग्नात कोन बोलवंल?"

विश्रामबागवाड्याचे कोरीव खांब सगळ्यांनी माना वर करून बघितले, मावशीनं एकदासुद्धा मान वर केली नाही. तुळशीबागेत बायका पितळेची भांडी, कुंकू, फण्या बघत पांगल्या. शालनबाईनं हातभर बांगड्या भरल्या आणि सगळ्यांना वाजवून दाखवल्या. मावशीची नजर त्या बांगड्यांवर अशी, की काच तडकेल वाटलं. मग तिनं एक खण उचलला, हिरवा, मोरांचा. बराच वेळ त्यावर बोटं फिरवत राहिली. ओठ हलायला लागले. मी हळूच मागं सरकले.

परत निघालो. ट्रक सुरू झाला तशी आक्काबाईनं काढलंच, "काय गं दिराची राणी, खन कुनासाठी घेतला?"

हशा. मावशी ट्रकची फळी धरून उभी राहिली.

"तुळशीबागेत खण घेतला, नक्षी त्यावर मोराची, दत्तोबांचं नाव घेते, न्हाई भीती मला चोराची!"

मग कुसुमताईनं मांडीवर थाप मारली, "आगं आगं आगं! चोराची म्हनं!" सगळ्यांच्या माना शालनबाईकडे वळल्या. "शालन, दे की उत्तर!" "घे दुसरं, घे!" शालनबाई बांगड्या मागं सारत राहिली. तिच्याकडे दुसरं होतंच कुठं? कान लाल झाले तिचे. मला तर इतका आनंद झाला, सांगू नये इतका.

पुणं मागं पडलं, बायका पेंगायला लागल्या, तेव्हा शालनबाई सरकत सरकत मावशीपाशी आली. "जाऊबाई, मला सुचतच न्हाई वो. पातळाचं सगळ्या पुसत्यात, पर नाव घे म्हनून मला कुनी बोलवत न्हाई. तुमालाच बोलवत्यात. बघून जीव जळतो."

मावशीनं तिच्या पातळाकडे बघितलं. मग बांगड्यांकडे.

"शिकवीन," ती म्हणाली. "पर आता निघोजेला लग्न हाय, तितं माज्या मागं उभं ऱ्हायचं. पुडं न्हाई."