चित्रांपाशी अडलेला अभ्यास

पुण्यात मी एका कंपनीचं नेटवर्क सांभाळायची. डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढत गेला, कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धुरकटलं. ऑफिसनं काही दिवस सांभाळून घेतलं, नंतर नाही. मी लोहाऱ्याला धाकट्या भावाकडं राहायला आले. नेटवर्किंगची सगळ्यात वरची परीक्षा पास झाले, तर घरी बसून काम मिळेल, एवढीच काय ती आशा होती.

अभ्यासाला घ्यावं काय, इथंच गाडी अडली. जाडजूड पुस्तकं मागवली, भिंग लावून वाचायला बसले. एकेक शब्द शोधत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. मग तीच पुस्तकं मोबाईलवर घेतली. मोबाईल मजकूर वाचून दाखवायचा, आकृती आली की नुसतं ‘चित्र’ म्हणून पुढं जायचा. आणि सगळा अर्थ त्या आकृत्यांतच. व्हिडिओ लावले, तर शिकवणारा म्हणायचा, “हे इथून निघतं, इथं अडतं. दिसतंय ना?”

शेवटी भावजय म्हणाली, “अक्का, मी सांगते की बघून.”

दुपारची भांडी आवरली की ती पुस्तक घेऊन शेजारी बसायची.

“एक ढग हाय. त्यातून रेघा निघाल्यात. एका रेघेवर फुली हाय.”

“कुठल्या रेघेवर? तिथं काय लिहिलंय?”

“लई बारीक हाय. थांबा. आर... मग दोन.”

ती एकेक अक्षर लावायची, मी डोक्यात चित्र मांडायची. नवी रेघ आली की आधीची पुसली जायची.

“ह्यो ढग म्हंजी काय हो?” तिनं एकदा विचारलं.

“बाहेरचं नेटवर्क. त्याच्या आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ढग काढतात.”

“व्हय का,” म्हणाली आणि पुढची फुली शोधू लागली.

या परीक्षेत प्रात्यक्षिकही असतं. त्याचं विचारायला मी पुण्यातल्या जुन्या वरिष्ठांना फोन केला. “आकृत्या वाचून दाखवायला माणूस घेता येतो का?” ते म्हणाले, “चौकशी करून सांगतो.” दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. वेळ वाढवून देतात म्हणाले, पण आकृत्या परीक्षेला बसणाऱ्यानं स्वतःच बघायच्या. आवाज खाली आणून पुढं म्हणाले, “तब्येतीला जपा.”

दुपारी भावजय हात पुसत आली. “आज कुठलं काढू?”

“काढ कुठलंही.”

ती सांगत राहिली. मधेच ध्यानात आलं, मी डोक्यात काहीच मांडत नव्हते. ती अक्षरं लावतच होती, मन लावून. मी तिला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र डोकं दुखतंय म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर तिनं विचारायचं सोडलं, आणि भांडी झाली की ती आडवी होऊ लागली.